मेकप नव्हे हो, सनस्क्रीन!

बऱ्याच दिवसांनी लिहितोय आणि रागात लिहितोय, तेव्हा सांभाळून घ्या.

प्रश्न असा, की शाळेत मुलांना सनस्क्रीन लावू द्यावं की नाही? पुण्या-मुंबईची मंडळी म्हणतील, हा काय प्रश्न झाला! आणि गावाकडची मंडळी (हो अण्णा, तुम्हीच) म्हणतील, आम्ही काय क्रीमा फासून शिकलो का? दोघांनीही जरा दम धरा.

माझी भाची आमच्या लोहाऱ्याकडच्या एका शाळेत शिकते. तिला कोड आहे. कपाळावर, गालावर, हातांवर. कोडाच्या डागात कातडीला रंग देणारं मेलॅनिन बनवणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. त्यामुळे बाकीची सावळी कातडी जे ऊन निमूट सोसते, त्याच उन्हात हे डाग लाल होतात, चुरचुरतात, कधी फोडही येतात. सोलापूरच्या डॉक्टरांनी एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लिहून दिलं, आणि उन्हात असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायला सांगितलं. म्हणून ट्यूब दप्तरात. ती सापडली आणि जप्त झाली. कारण काय, तर "शाळेत मेकप चालत नाही."

ताई फोनवर म्हणाली, "दोन दिस झाले, लेकरू तोंडावरचा रुमाल काढंना." मग बाईंनी रुमालही काढायला लावला. गणवेशात बसत नाही म्हणे.

आता एक गंमत ऐका. अमेरिकेतही शाळांमध्ये सनस्क्रीनवरून हाच वाद झाला, पण बरोबर उलट्या कारणाने. तिथे सनस्क्रीन औषधात मोडतं, त्यामुळे डॉक्टरची चिठ्ठी असल्याशिवाय मुलांनी ते शाळेत आणायचं नाही, असा कित्येक शाळांचा नियम होता. शेवटी २००१-०२ मध्ये कॅलिफोर्नियाला कायदा करावा लागला, की मैदानावर टोपी घालू द्या आणि चिठ्ठीशिवाय सनस्क्रीन लावू द्या. आपल्याकडे सनस्क्रीन सौंदर्यप्रसाधनात मोडतं, म्हणून आपली शाळा म्हणते मेकप. तिकडे औषध म्हणून बंदी, इकडे नटणं म्हणून बंदी. ऊन मात्र दोन्हीकडे तेच!

नियम कुठून आला ते मला कळतं. गोरं करणाऱ्या क्रीमांनी आपल्या पोरींच्या डोक्यात काय काय भरवलंय ते शिक्षक रोज बघतात. सगळ्यात खपणाऱ्या क्रीमच्या नावातला 'फेअर' २०२० मध्ये गेला, आपल्या मनातला कुठे गेलाय? त्या क्रीमा दप्तरातून काढून घेतल्या तर मी टाळ्या वाजवीन. पण ट्यूबवर काय लिहिलंय एवढं वाचायला किती वेळ लागतो? आणि वाचायचं नसेल तर समोरच्या पोरीच्या चेहऱ्याकडे बघावं की.

सगळ्यांनाच सनस्क्रीन वाटा, असं मी म्हणत नाही. एका बऱ्या ट्यूबला खुरपणीची एका दिवसाची मजुरी जाते, आणि आपल्या कातडीला उन्हाचा तितका धोका नाही जितका गोऱ्या कातडीला आहे. बाकीच्या पोरांना टोपी आणि सावली पुरे. पण ती तरी कुठे देतो आपण?

१९९३ च्या भूकंपानंतर आमच्या तालुक्यातली सास्तूरसारखी गावं नव्याने वसली. रस्ते रुंद, आखीव. जुन्या गावातले बोळ गेले आणि बोळांची सावलीही गेली. त्या उघड्या उन्हातून पोरं शाळेत येतात आणि शाळेत पुन्हा उघडं मैदान. परिपाठ मैदानावर, कवायत मैदानावर, २६ जानेवारीची तालीम मैदानावर. सर लिंबाखाली, पोरं उन्हात. मार्च २०२५ मध्ये शिक्षण खात्याने उन्हामुळे शाळा सकाळच्या केल्या, प्राथमिक ७ ते ११.१५, माध्यमिक ७ ते ११.४५. चांगलं केलं. पण पावणेबाराला सुटलेलं पोर घरी जातं ते एप्रिलच्या उन्हातूनच, आणि तेही उघड्या डोक्याने, कारण टोपी गणवेशात नाही! त्याचा बाप त्याच वेळी रानात डोक्याला टॉवेल गुंडाळून उभा असतो. त्याला कुणी शिस्त शिकवायला जात नाही. ऑस्ट्रेलियात कितीतरी प्राथमिक शाळांचा नियम आहे, टोपी नाही तर मैदानावर खेळायचं नाही. आपण टोपी घातली म्हणून ओरडतो.

तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत (निदान चौघं तरी आहात, मला माहीत आहे), त्यांनी आपापल्या शाळेत सूचनावहीत एक ओळ लिहून घ्या. मैदानावर आणि येता-जाता टोपी, रुमाल, स्कार्फ चालेल, आणि सनस्क्रीन लागणाऱ्या मुलाला ते जवळ ठेवता येईल, चिठ्ठी न मागता. चिठ्ठी नको म्हणतो, कारण सोलापूरची एक खेप म्हणजे ताईचा रोज बुडतो. आणि जमलं तर वर्गात एकदा सांगा, की कोड शिवल्याने होत नाही. माझ्या भाचीच्या बाकावर सध्या ती एकटीच बसते.

ताईने सोमवारी अर्ज दिलाय. चिठ्ठी जोडली आहे, यावेळी दुसरा इलाज नव्हता. ट्यूब अजून ऑफिसच्या कपाटातच आहे.