शॉकअपचा मधला नट

आज पिकावर नाही, गाडीवर लिहितोय. गळीत हंगाम संपत आला की हा विषय दारात येतोच. उसाच्या डबल ट्रॉल्यांनी रस्त्याला चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि आपली जुनी मारुती 800 त्यातनं नाक घासत चाललेली असते. ही गाडी 1983 च्या डिसेंबरात आली आणि 2014 च्या जानेवारीत बंद झाली. म्हणजे आपल्याकडची सगळ्यात तरणी 800 सुद्धा आता म्हातारी. मग पोरं म्हणतात, पुढच्या स्प्रिंगा घरीच बदलू.

बदला की. माझा विरोध नाही. ट्रॅक्टरचा क्लच खोलणाऱ्या हाताला हे काम जड नाही. पण यातली एक पायरी जिवाशी खेळणारी आहे आणि नेमकी तीच आपल्याकडे तारेनं आणि सुंभानं उरकतात. म्हणून लिहायला बसलो.

आधी दुखणं ओळखा. सपाट फरशीवर गाडी रिकामी उभी करा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं दोन्हीकडे मोजा. एक बाजू बसलेली दिसली तर स्प्रिंग थकली किंवा तुटली. आपल्याकडं काळ्या मातीचा चिखल खालच्या वाटीत साचून राहतो, तिथंच गंज खातो आणि खालचा वेढा तडकतो. उंची बरोबर आहे, पण कोपरा दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीनदा हिंदकळते, तर शॉकअप गेला. लोक शॉकअप गेला असताना स्प्रिंग बदलतात आणि मग दुकानदाराला शिव्या देतात.

आता खरी गोष्ट. ओम्नीच्या मागं पाटे असतात, पाटा डोळ्याला दिसतो, त्याचा ताण कळतो. पुढची गोल स्प्रिंग तशी नाही. ती शॉकअपवर दाबून बसवलेली असते. जॅक लावून चाक काढलं म्हणजे ताण गेला असं नव्हे. चाक अधांतरी असतानाही स्प्रिंग वरच्या आणि खालच्या वाटीत कोंडलेलीच असते. तिला धरून ठेवतो तो फक्त मधला नट. बॉनेट उघडलं की वर मधोमध दिसतो तो. त्याच्या बाजूचे छोटे नट आणि खाली नकलचे दोन बोल्ट काढले की अख्खा शॉकअप स्प्रिंगसकट हातात येतो. तोवर मधल्या नटाला पाना लावायचाच नाही. शिकंज्याशिवाय तो सुटला तर पायातलं दावं तुटलेल्या खोंडासारखी स्प्रिंग कुणाच्या तोंडावर जाईल सांगता येत नाही.

बाइंडिंगच्या तारेनं वेढे बांधून हा नट खोलताना मी लोक पाहिलेत. एकदा निभावतं, म्हणून दुसऱ्यांदा करतात. यावर बोललं की उत्तर ठरलेलं, आपल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातनं गाडी बनवली, आनंद महिंद्रांनी बदल्यात बोलेरो दिली, मग आम्हाला एक स्प्रिंग जमत नाही व्हय? अहो, लोहारकाम हा त्या माणसाचा पेशा. त्यांचं कौतुक मलाही आहे. पण हत्यार हातात असताना केलेलं जुगाड वेगळं आणि हत्याराचे पैसे वाचवायला केलेलं जुगाड वेगळं.

माझं म्हणणं साधं आहे. बाकी काम घरी करा. शॉकअप काढून पिशवीत घाला आणि स्प्रिंग बदलण्यापुरता गॅरेजला न्या, मिस्त्री मजुरी घेऊन बदलून देतो. नाहीतर गावच्या गटानं शिकंज्यांची एक जोडी घ्यावी. फवारणीचा ब्लोअर आपण आळीपाळीनं वापरतो, मग हे का नाही? दोन शिकंजे समोरासमोर लावायचे, जास्तीत जास्त वेढे पकडायचे, आटे ग्रीस लावून एकदा इकडचा, एकदा तिकडचा, थोडे थोडे आवळायचे. वरची वाटी हातानं सैल फिरली की मगच नट. त्या वेळी तोंड वरच्या बाजूला न्यायचं नाही आणि पोरंटोरं लांब.

गाडी मातीवर किंवा विटांवर उचलू नका. वीट भुगा होते. लोखंडी घोडी लावा, मागच्या चाकांना दगड द्या. ब्रेकचा पाइप शॉकअपच्या क्लिपमधनं सोडवा, हब त्यावर लटकू देऊ नका. हब बाहेरही ओढू नका, एक्सलचा जॉइंट निसटतो. नकलचे बोल्ट काढण्यापूर्वी जागेवर खूण करा. नवीन स्प्रिंगचं टोक वाटीतल्या खाचेला टेकलंय हे बघून शिकंजा सोडा. आणि स्प्रिंगा जोडीनंच घ्या. एक नवी एक जुनी म्हणजे एक बैल तरणा, एक थकलेला. भंगारातली तर नकोच, ती आधीच कुणाची तरी थकलेली असते.

वेढ्यात रबराचे ठोकळे कोंबून गाडी उचलायचीही टूम निघालीय, म्हणजे द्राक्षाची दोन कॅरेट जास्त बसतात. रिकामी गाडी साधारण साडेसहाशे किलोची. तिला टेंपो समजू नका, भार मग वाटीवर आणि शॉकअपवर येतो.

काम झालं की कराड, सांगली, जवळ पडेल तिथं अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायर एका कडेनं खातो. परत मडगार्डची उंची मोजून डायरीत तारखेसकट लिहा. पुढच्या हंगामाला ताडून बघता येईल.