परवलीचा शब्द आणि शिळे शहाणपण

कचेरीत, शाळेच्या कार्यालयात किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत संगणकापुढे बसणाऱ्या माणसावर दर दोन-तीन महिन्यांनी एक लहानसे संकट कोसळते. सकाळी यंत्र सुरू करावे, तो पडद्यावर आज्ञा उमटते : आपल्या पासवर्डची मुदत संपली आहे, नवा द्या. तो निदान आठ अक्षरांचा हवा, त्यात एक मोठे रोमन अक्षर हवे, एक अंक हवा, एखादे चिन्ह हवे आणि पूर्वी वापरलेला तर मुळीच नको. टेबलावर फायली साचलेल्या, बाहेर माणसे खोळंबलेली. अशा वेळी मनुष्य काय करील? ऑगस्टचे नाव खोडून तो सप्टेंबरचे घालतो, शेवटी एकाचा दोन करतो, आणि दुपारपर्यंत विसरू नये म्हणून कागदाची चिठ्ठी पडद्याच्याच कडेला डकवतो. नियमाचे पालन झाले. सुरक्षिततेचे काय झाले, हे कोणी विचारीत नाही.

या नियमाचा उगम कोठे आहे हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेतील, म्हणजे निस्टमधील, बिल बर या अधिकाऱ्याने २००३ च्या सुमारास परवलीच्या शब्दांविषयी एक मार्गदर्शक टिपण लिहिले. चिन्हे मिसळा, अंक घाला, शब्द वारंवार बदला, हा उपदेश तेथून जगभर पसरला आणि पाहता पाहता त्याला शास्त्रवचनाची प्रतिष्ठा आली. पुढे निवृत्त झाल्यावर २०१७ साली याच गृहस्थांनी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ला मुलाखत देऊन, आपण जे सांगितले त्यातील बऱ्याच भागाचा आपल्याला पश्चात्ताप होतो, अशी मोकळी कबुली दिली. अधिकारपदावरून दिलेला सल्ला चुकला असे जाहीरपणे म्हणणारी माणसे विरळाच. निस्टनेही त्याच वर्षी आपले धोरण फिरवले आणि २०२५ च्या आवृत्तीत तर, शब्द फुटल्याचा पुरावा नसता ठरावीक मुदतीने तो बदलायला लावूच नये, असे निःसंदिग्धपणे सांगितले.

हा पालट केवळ मतांतरातून झालेला नाही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये सुमारे ७,७०० जुनी खाती तपासली. माणसाचा आधीचा शब्द ठाऊक असेल, तर त्यावरून नवा ओळखता येतो का, एवढाच प्रश्न होता. शेकडा सतरा खात्यांत पाचांपेक्षा कमी प्रयत्नांत तो ओळखता आला! सक्तीने बदलायला लावलेला शब्द बदलतच नाही. तो फक्त कूस पालटतो.

तरीही आपल्याकडील अनेक कार्यालयांत जुनीच आज्ञा चालू आहे. तपासनिसाच्या यादीत एक रकाना आहे, त्यात खूण करायची आहे, आणि रकाना काढून टाकण्याची जबाबदारी अंगावर घ्यायला कोणी तयार नाही, एवढेच त्याचे कारण. परंतु अशा आज्ञांची किंमत मोजावी लागते. माणसाची सावधगिरी काही अक्षय पात्र नव्हे. ती निरर्थक कवायतीत खर्ची पडली की खऱ्या प्रसंगी हात रिकामा राहतो. घरी स्वतःचा संगणक किंवा मोबाइल वापरणाऱ्याने तरी ही कवायत सोडून मोजक्या उपयोगी गोष्टी धराव्यात.

पहिली गोष्ट लांबीची. पूर्णपणे यदृच्छया निवडलेली केवळ लहान सोळा रोमन अक्षरे घेतली, तर त्यांचे संभाव्य प्रकार अंक आणि चिन्हांनी नटलेल्या आठ अक्षरांच्या सुमारे पासष्ट लाख पट भरतात. अर्थात असली अक्षरे पाठ करणे कठीण. म्हणून एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्यावेत. परात, कासव, कंदील, दुपार असे काहीसे मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले की काम भागते (येथे छापलेले मात्र घेऊ नयेत, ते आता फुटले!). म्हण, अभंगाची ओळ, मुलाचे नाव आणि जन्मसाल ही सामग्री कटाक्षाने टाळावी.

दुसरी गोष्ट वेगळेपणाची, आणि आमच्या मते तीच अधिक महत्त्वाची. ड्रॉपबॉक्स या प्रसिद्ध कंपनीत २०१२ साली चोरी झाली, ती कोणी अभेद्य भिंत फोडली म्हणून नव्हे. एका कर्मचाऱ्याचा अन्यत्र चोरीस गेलेला परवलीचा शब्द येथेही चालला. पुढे चार वर्षांनी कळले, की जवळजवळ सात कोटी खात्यांची माहिती बाहेर गेली होती. एखाद्या किरकोळ दुकानाच्या संकेतस्थळावर दिलेली किल्ली बँकेच्या तिजोरीला लागत असेल, तर दोष तिजोरीचा नव्हे. त्यातही ई-मेलची किल्ली सर्वांत जपावी, कारण इतर सर्व ठिकाणची ‘पासवर्ड विसरलात?’ ही पत्रे तेथेच येऊन पडतात.

इतके वेगवेगळे शब्द लक्षात कसे ठेवायचे? वहीत लिहावेत. हे वाचून काहींच्या भुवया उंचावतील. पण ब्रूस श्नायरसारख्या नामवंत तज्ज्ञानेही २००५ मध्ये कागदावर लिहून ठेवण्याचाच सल्ला दिला होता. दूर देशी बसलेल्या चोराचा हात आपल्या कपाटापर्यंत पोहोचत नाही. वही मात्र घरीच असावी, तिचे छायाचित्र मोबाइलमध्ये नसावे, आणि एटीएम कार्डाचा पिन तिच्यात लिहू नये. संगणकाच्या व मोबाइलच्या सुधारणा लांबणीवर टाकू नयेत, हेही येथेच सांगून टाकू. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा त्यावरचा उतारा दोन महिने आधीच निघालेला होता. विंडोज १० च्या नेहमीच्या विनामूल्य सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ नंतर थांबल्या, याची दखल घरोघरच्या जुन्या यंत्रांच्या मालकांनी घेतलेली बरी.

मात्र कुलूप कितीही भक्कम केले, तरी चोर आता मालकाकडेच किल्ली मागतो. रिझर्व्ह बँकेने २००९ पासून इंटरनेटवरील कार्डव्यवहारांना दुसरी पडताळणी सक्तीची केली, हे योग्यच झाले. पण मग ओटीपी गोड बोलून काढून घेण्याचा धंदा सुरू झाला. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही, हे एक वाक्य ठाऊक असते तर कित्येकांची बचत वाचली असती. ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये तिच्यापासून सावध राहण्यास सांगितले, तरी पडद्यावरील गणवेश पाहून घाबरणारी सुशिक्षित माणसे आहेतच.

आणि फसल्यावर ती गप्प बसतात! निवृत्त शिक्षक मुलांपासून लपवतात, कारकून साहेबांपासून. वर्षानुवर्षे नियमांनी त्यांना हेच शिकवले आहे, की जे काही घडते ते वापरणाऱ्याच्या चुकीने. वास्तविक रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरवले, की बँकेची वा ग्राहकाची चूक नसता पैसे गेले आणि ग्राहकाने व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याच्यावर कोणताही भार नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास भार मर्यादित, त्यापुढे बँकेच्या धोरणावर हवाला. ग्राहकाने स्वतःच ओटीपी सांगितला असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे लाजेपोटी दवडलेला प्रत्येक तास पैशांत मोजावा लागतो. चोरीची रक्कम या खात्यातून त्या खात्यात फिरत असते तोवरच ती अडवता येते, आणि त्यासाठी १९३० हा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे. बँकेच्या तक्रार क्रमांकासह तो मोठ्या अक्षरांत लिहून घरात, सर्वांना दिसेल असा, भिंतीवर लावावा. पडद्याच्या कडेला डकवायचीच असेल, तर चिठ्ठी ही डकवावी.