कराची किती लांब? दीड तास, की काही वर्षं?

मंडळी, जरा नकाशा उघडा. मुंबई ते कराची हवाई अंतर साधारण पावणेनऊशे किलोमीटर. मुंबई-दिल्ली याहून लांब, साडेअकराशेच्या आसपास. थेट विमान असेल तर कराचीला दीड तासात पोचाल. आणि आपल्या डहाणूहून कराची आणखी जवळ, आठशेच्या आसपास!

हा मार्ग काही नवा नाही. 1936 पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादला थांबून त्याच दिवशी जुहूला उतरले. एअर इंडियाची सुरुवातच या मार्गावर झाली.

आता? एप्रिल 2025 मध्ये पहलगामचा हल्ला झाला आणि दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केलं. वळसा एवढा पडला की दिल्लीहून ताश्कंद, अल्माटीची इंडिगोची विमानं रद्द करावी लागली. कराची गाठायची तर दुबईवरून जा. दीड तासाच्या जागी अख्खा दिवस.

विमानाने फिरणाऱ्यांचं निभावतं हो. मला बोलायचंय ते आपल्या खलाशांबद्दल.

डहाणू-तलासरीतली आदिवासी पोरं पोटासाठी वेरावळ, पोरबंदर, ओख्याच्या बोटींवर जातात. समुद्रात हद्दीची रेघ कुठे दिसते? बोट पकडली की थेट कराचीचा मलीर तुरुंग. सुटका झाली तरी कराचीहून लाहोर, वाघा-अटारी, अमृतसर, मग गुजरात आणि शेवटी घर. आठशे किलोमीटरवरचा माणूस तीन हजारांच्या घरात फिरून येतो. तेही शिक्षा संपून कितीतरी महिने, कधी वर्षं उलटल्यावर. 2024 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या एका खलाशाचा तिथल्या तुरुंगात मृत्यू झाला. त्याचा देह घरी यायला महिन्याहून जास्त लागला.

काही जण लगेच म्हणतील, "ते आपल्यावर हल्ले करतात आणि तुम्हाला विमानं सुरू करायचीत?" नाही. आकाश उघडायचं की बंद ठेवायचं, हा सुरक्षेचा निर्णय आहे, तो सरकारने घ्यावा. पण शिक्षा भोगून झालेला खलाशी कोणाच्या सुरक्षेला धोका आहे?

2008 च्या करारात स्पष्ट लिहिलंय: शिक्षा संपली आणि नागरिकत्वाची खात्री पटली की एका महिन्यात सोडायचं. दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला कैद्यांच्या याद्या दिल्या-घेतल्या जातात. मे 2025 च्या संघर्षानंतर दोनच महिन्यांत, 1 जुलैलाही त्या दिल्या गेल्या. म्हणजे बोलणं पूर्ण बंद नाही. कागद सीमा ओलांडतो, माणूस मात्र अडकतो. आणि हे दोन्हीकडे लागू आहे. त्यांचेही मच्छीमार आपल्या तुरुंगात आहेत.

माझं म्हणणं एवढंच: महिन्याची मुदत दोघांनीही पाळा आणि मच्छीमारांचा ताबा समुद्रातच, हद्दीवर द्या-घ्या. दोन्ही तटरक्षक यंत्रणांमध्ये संपर्काचा करार 2005 मध्येच झालाय. ज्या पाण्यातून नेलं, त्याच पाण्यातून परत आणायला काय हरकत आहे?

आपले खासदार-आमदार मतं मागायला पाड्यापाड्यात येतात. पुढच्या वेळी आले की त्यांना एवढंच विचारा: साहेब, कराची किती लांब?