आईचा अपमान आणि आपला राग



वस्तीतल्या मुलींच्या गटात आम्ही शिव्यांवर बोलायचं ठरवलं होतं. बोलता बोलता विषय निघाला ‘इंडियाज गॉट लेटंट’चा. समय रैना यांचा यूट्यूबवरचा हा विनोदी कार्यक्रम. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यात पाहुणे म्हणून आलेल्या रणवीर अलाहाबादिया यांनी एका स्पर्धकाला त्याच्या आईवडिलांच्या शरीरसंबंधांवरून किळसवाणा प्रश्न विचारला आणि देशभर गदारोळ उठला.

बारावीतली एक मुलगी म्हणाली, “ताई, माझा भाऊ दोन दिवस संतापला होता. ‘आईवडिलांबद्दल असं बोलतात?’ म्हणत होता. तिसऱ्या दिवशी चार्जर सापडेना, तर मला आईवरूनच शिवी दिली. आमची आई एकच आहे ना!”

सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येताना मात्र ते हसू टोचत राहिलं.

प्रेक्षकांचे तेव्हा दोन तट पडले होते. एक म्हणत होता, संस्कृती बुडाली, यांना तुरुंगात टाका. दुसरा म्हणत होता, विनोद आहे, एवढं काय मनावर घेता? मुंबईत आणि गुवाहाटीत गुन्हे नोंदवले गेले. सरकारी आदेशावरून तो भाग हटवला गेला, मग रैना यांनी सगळेच भाग काढून टाकले. सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारीला अलाहाबादिया यांना कठोर शब्दांत सुनावलं आणि अटकेपासून तात्पुरतं संरक्षणही दिलं. त्यांनी माफी मागितली होतीच. पण लोक रुग्ण असल्याचं भासवून आपल्या आईच्या दवाखान्यात घुसले, असंही त्यांनी सांगितलं. म्हणजे आईचा अपमान झाला म्हणून चिडलेली माणसं शेवटी एका आईच्याच दारात जाऊन उभी राहिली!

त्याच भागात अपूर्वा मुखिजा याही पाहुण्या होत्या. त्याही असभ्य बोलल्या. त्याचं समर्थन मी करणार नाही. पण ज्या प्रश्नावरून वादळ उठलं, तो त्यांनी विचारलेला नव्हता. एप्रिलमध्ये त्यांनी आपल्याला आलेले संदेश जाहीर केले. त्यांत बलात्काराच्या, ॲसिड फेकण्याच्या धमक्या होत्या. पुरुषांनाही धमक्या आल्या, शिव्या बसल्या. पण बाई चुकली की शिक्षा तिच्या शरीराला द्यायची, हे ठरलेलंच. ‘आयाबहिणींची लाज राखा’ म्हणून ओरडणाऱ्या गर्दीतच हे लिहिणारेही होते, हे आपण कसं विसरायचं?

संस्कृतीवाल्यांना आई पूज्य असते, पण ती मूर्ती म्हणून. विनोदवाल्यांना ती हुकमी हशा पिकवणारी वस्तू असते. हाडामांसाची, स्वतःचं मत असलेली बाई दोघांनाही नको असते. नळावर, रिक्षा स्टँडवर, शाळेच्या मैदानात आईबहिणीवरून रोज शिव्या दिल्या जातात, तेव्हा कुणाची संस्कृती बुडत नाही.

गुवाहाटीच्या गुन्ह्यात स्त्रियांच्या अश्लील चित्रणाला प्रतिबंध करणारा १९८६ चा कायदाही लावला गेला. कायदे हवेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ते कशासाठी वापरायचे? माझं मत स्पष्ट आहे. वाह्यात विनोदाला टीकेने, बहिष्काराने उत्तर देता येतं. बलात्काराची धमकी मात्र मत नव्हे, तो गुन्हा आहे आणि पोलिसांनी आधी त्याच्यामागे धावलं पाहिजे. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर स्त्रिया आणि मुलांसाठी तक्रारीचा स्वतंत्र विभाग आहे. धमकीचा संदेश घाबरून पुसून टाकू नका. त्याचं छायाचित्र आणि तारीख जपून ठेवा. तोच पुरावा असतो.

हे मी का लिहिते आहे? त्याच गटातली दुसरी एक मुलगी नकला फार सुंदर करते. तिला व्हिडिओ करायचे आहेत. तिची आई मला म्हणाली, “नको बाई, बघितलं ना बोलणाऱ्या पोरींचं काय होतं ते!” त्या माउलीला दोष देववत नाही. पण धमक्या देणाऱ्यांना नेमकं हेच हवं असतं.

त्या बारावीतल्या मुलीने भावाला काय सांगितलं, हे मी पुढच्या बैठकीत विचारलं. ती म्हणाली, “चार्जर दिला आणि म्हटलं, शिवी परत घे.” त्याने घेतली की नाही, ते तिने सांगितलं नाही. पण तिने मागितली.

तुमच्या घरात शिवी परत मागता येते का? जरूर लिहा.