राउटर दोन घ्या, पण कंपनी एकच कशाला?

होस्टेलचं नेट गेलं की पहिल्या शिव्या सर्व्हिस प्रोव्हायडरला पडतात. पण पुष्कळदा बाहेरची लाइन ठणठणीत असते आणि मान टाकलेली असते ती आपल्याच सर्व्हर रूममधल्या राउटरने. तुमच्या पीसीला डीएचसीपीकडून डिफॉल्ट गेटवे म्हणून सहसा एकच पत्ता मिळतो. तो राउटर बसला की शेजारी दुसरा चांगला राउटर चालू असूनही पीसीला त्याचा पत्ताच नसतो! परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची रात्र असो की प्लेसमेंटची ऑनलाइन टेस्ट, सगळं होस्टेल एका डब्याच्या भरवशावर.

यावर उपाय आहे. दोन राउटर मिळून एक व्हर्च्युअल आयपी आणि एक व्हर्च्युअल मॅक अॅड्रेस सांभाळतात. एक काम करतो, दुसरा त्याच्या "मी जिवंत आहे" या निरोपांकडे कान लावून बसतो. निरोप थांबले की दुसरा खुर्चीवर! पत्ते तेच राहतात, त्यामुळे पीसीवर काहीच बदलावं लागत नाही.

हे काम करणारे प्रोटोकॉल कोणते, असं व्हायव्हाला विचारलं की आपण एका दमात म्हणतो, "एचएसआरपी सर, हॅलो ३, होल्ड १०." बरोबर आहे. दर ३ सेकंदांनी निरोप आणि १० सेकंद शांतता झाली की बदली. पण एचएसआरपी हा सिस्कोचा स्वतःचा प्रोटोकॉल. १९९८ मध्ये आरएफसी २२८१ म्हणून तो छापला गेला, तो केवळ माहितीसाठी. तो इंटरनेट स्टँडर्ड नव्हे. त्याच वर्षी आरएफसी २३३८ मधून व्हीआरआरपी आला, तो सर्व कंपन्यांसाठी खुला. त्यात निरोप दर सेकंदाला जातो आणि प्रायॉरिटी १०० असेल तर साधारण ३.६ सेकंदांत बदली होते.

म्हणजे व्हीआरआरपी वेगवान म्हणून चांगला? तसं नाही. टायमर दोन्हीकडे कमी करता येतात, त्यामुळे सेकंदांची ही तुलना फसवी आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. आपण दुसरा राउटर घेतो तो एकावर अवलंबून राहू नये म्हणून. मग प्रोटोकॉल असा का निवडायचा, की उद्या एक राउटर जळाला तर बदली त्याच कंपनीची आणावी लागेल? डब्याची गुलामी गेली आणि कंपनीची आली! व्हीआरआरपी असेल तर टेंडरमध्ये जो स्वस्त आणि चांगला मिळेल तो बसवता येतो. दोन्हीकडे व्हर्जन मात्र एकच हवं.

कोणी म्हणेल, जीएलबीपी तर दोन्ही राउटरना कामाला लावतो. खरं आहे. गेटवेचा आयपी एकच ठेवून तो वेगवेगळ्या पीसींना वेगवेगळे मॅक अॅड्रेस देतो आणि चार राउटरपर्यंत लोड वाटतो. पण तोही सिस्कोचाच. शिवाय निम्म्या व्हीलॅनसाठी पहिला राउटर मुख्य आणि उरलेल्यांसाठी दुसरा, अशी वाटणी व्हीआरआरपीतही करता येते.

अर्थात खुलेपणाची वाटही सरळ नव्हती. व्हीआरआरपीवर सिस्कोने पेटंटचा दावा सांगितला, तेव्हा ओपनबीएसडीच्या मंडळींनी स्वतःचा कार्प नावाचा प्रोटोकॉल लिहिला आणि २००४ मध्ये ओपनबीएसडी ३.५ बरोबर दिला. व्हीआरआरपीची सुधारित आवृत्ती आरएफसी ९५६८ तर २०२४ ची आहे. आपल्या नोट्स मात्र १९९८ पाशीच थांबल्या आहेत.

हे सगळं करूनही दोन्ही राउटर एकाच यूपीएसवर असतील तर काय उपयोग? दुसरी गोची बाहेरच्या लाइनची. ती तुटली पण होस्टेलकडचा पोर्ट चालू राहिला, तर राउटर बिनधास्त "मी जिवंत आहे" म्हणत राहतो आणि आपली पॅकेट्स भिंतीवर आपटतात. त्यासाठी इंटरफेस ट्रॅकिंग लावून मुख्य राउटरची प्रायॉरिटी उतरवावी लागते. एचएसआरपीत तेवढ्यानेही भागत नाही. त्यात प्रीएम्प्ट मुळात बंद असतं. ते स्टँडबायवर चालू केलं नाही, तर प्रायॉरिटी उतरूनही खुर्ची सुटत नाही.

म्हणून सर्व सरांना आणि मॅडमना एक विनंती. सेमिस्टरमधून एकदा, आधी नोटीस लावून, मुख्य राउटरची केबल भर दुपारी सर्वांसमोर काढा. दुसऱ्याने काम घेतलं तर उत्तम, नाही घेतलं तर निदान परीक्षेच्या रात्रीआधी कळेल. आणि लॅबमध्ये महागडे राउटर नाहीत ही सबब नको. दोन जुने पीसी, त्यावर लिनक्स आणि फुकट मिळणारं कीपअलाइव्हडी, एवढ्यात व्हीआरआरपीचं प्रॅक्टिकल होतं. तिसऱ्या पीसीवरून पिंग चालू ठेवायचं, एकाची वायर उपसायची आणि किती पिंग गेले ते मोजायचे. "हॅलो ३, होल्ड १०" पाठ करण्यापेक्षा हे जास्त लक्षात राहील.