फोर साईड मशीन घेताय? आधी फूट मोजा!

वर्कशॉपवाले सारखे विचारतात, "दादा, फोर साईड मोल्डर घेऊ का?" माझं सरळ मत: लोणी भापकरसारख्या गावात नुसत्या गावच्या चौकटींवर हे मशीन पोसत नाही.

हिशोब बघा. एका दाराच्या चौकटीला साधारण १८ फूट लाकूड लागतं. दहा चौकटी म्हणजे १८० फूट, जवळपास ५५ मीटर. मिनिटाला ८ मीटर धरलं तर सात मिनिटांत काम खलास! पण खालचा, दोन्ही बाजूंचे आणि वरचा कटर बदलून माप जुळवायला पाऊण तास सहज जातो. त्यात वाकडं लाकूड घातलं तर गुळगुळीत होतं, पण वाकडंच बाहेर येतं. ते आधी सरळ करावंच लागतं.

पीएमईजीपीत ग्रामीण भागाला २५ ते ३५ टक्के अनुदान आहे, खरंय. पण ते तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून राहतं. हप्ता मात्र तुमच्या गल्ल्यातून जातो.

म्हणून दोन-तीनच मापं ठरवा. मोरगाव-बारामती पट्ट्यातल्या सुतारांशी मजुरीवर माल काढून द्यायचं बोलून ठेवा. महिन्याचे फूट वहीत दिसले, की मगच बँकेची पायरी चढा. घरचं सोनं गहाण ठेवून शोभेचं मशीन आणू नका.