उसवण्याची मुभा

मराठी समीक्षेला 'वीण' हा शब्द फार प्रिय आहे. कथानकाची वीण घट्ट, कवितेची वीण तलम, कादंबरीची वीण उत्तरार्धात सैल पडलेली. परीक्षणे लिहिणाऱ्या आपणा सर्वांच्या हाताशी हे शब्दप्रयोग सदैव तयार असतात. मात्र लोकरीच्या सुया ज्यांच्या हाती असतात त्यांना 'वीण घट्ट आहे' असे सांगून पाहावे. त्या आधी विचारतील, कशाची? पायमोजाची वीण घट्टच हवी, नाहीतर टाच लवकर विरते. शालीची तेवढीच घट्ट केली तर तिचा पुठ्ठा होतो. शाल सैल विणायची, कारण टाक्याटाक्यांत कोंडलेली हवाच ऊब देत असते. तेथे घट्टपणाचा गुणदोष वस्त्राच्या प्रयोजनावरून ठरतो. आपण विणकामाकडून रूपक उसने घेतले आणि त्यामागची जाण तेथेच ठेवून आलो, अशी माझी तक्रार आहे. आणि ती केवळ समीक्षेच्या परिभाषेपुरती नाही.

भंडारा जिल्ह्यात लोकरीच्या विणकामाला हवामानाचेच निमित्त आहे. डिसेंबर-जानेवारीत पूर्व विदर्भातला पारा कित्येकदा १० अंशांच्या खाली उतरतो. आमच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एक ज्येष्ठ सहकारी गेली अनेक वर्षे या दिवसांत विणत असतात. पूर्वी त्यांची रीत घरोघरीची होती: पाठ, पुढचा भाग आणि दोन बाह्या असे तुकडे वेगवेगळे विणायचे आणि अखेरीस सुईने जोडायचे. अलीकडे त्यांनी गळ्यापासून खाली, अखंड, बिनशिवणीचा स्वेटर विणायला घेतला. गळ्याचे टाके गोल सुईवर घ्यायचे, त्यांचे पाठ, पोट आणि दोन बाह्या असे चार वाटे करायचे आणि प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवत जायचे. सांधे चार, म्हणून दर दुसऱ्या फेरीला ८ टाके वाढतात. काखेपर्यंत पोचले की बाह्यांचे टाके दोऱ्यात ओवून बाजूला ठेवायचे आणि अंग पुरे करायचे. याचा लाभ असा, की वस्त्र अर्धेमुर्धे असतानाच अंगात घालून पाहता येते. लांबी किती, घेर किती, हे विणता विणता ठरते. जुन्या रीतीत सारे अंदाज आरंभीच बांधावे लागतात आणि चुकलेला अंदाज बहुधा तुकडे जोडतानाच उघडा पडतो.

स्टाफरूममध्ये या साऱ्याचे वर्णन 'मॅडमचा छंद' एवढ्या दोन शब्दांत होते. त्यात हेटाळणी नसते, कौतुकच असते; पण ते कौतुक लहान मुलाच्या चित्राचे करावे तसे. साठच्या दशकातल्या लघुअनियतकालिकांवर आपण अजूनही चर्चासत्रे भरवतो, कारण त्या पिढीने रूढ आकार मोडून पाहिले. आकार मोडून पाहण्याचे तेच काम कोणी लोकरीत केले की तो फावल्या वेळचा उद्योग होतो. खरे तर नवतेविषयीची एक शहाणी नम्रता आपल्याला विणणाऱ्यांकडून शिकण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन (१९१०-१९९९) यांनी १९७१ साली 'निटिंग विदाउट टिअर्स' हे पुस्तक लिहिले. दुसऱ्याच्या नमुन्याबरहुकूम विणत बसण्यापेक्षा आपल्या हाताची वीण मोजा, एका इंचात किती टाके बसतात ते पाहा आणि त्यावरून आपले वस्त्र आपणच बेता, असा त्यांचा आग्रह होता. अशा बाईने स्वतःच्या युक्त्यांना 'शोध' म्हणायचे मात्र टाळले. 'इन्व्हेन्शन'ऐवजी त्यांनी 'अनव्हेन्शन' हा शब्द घडवला. ही युक्ती कोणा ना कोणाला पूर्वी सुचलेली असणारच, आपल्याला ती पुन्हा गवसली इतकेच, असा त्याचा आशय. मराठीतल्या 'प्रथमच'वाल्या प्रस्तावना वाचताना हा शब्द मला वारंवार आठवतो. असो.

परंतु छंद म्हणून विणणाऱ्याला प्रयोग करता येतात, याचे कारण काय? प्रतिभा, जिज्ञासा ही कारणे आहेतच. त्याहून साधे कारण धाग्यात आहे. सुयांवरचे विणकाम म्हणजे एकाच धाग्याचे एकमेकांत ओवलेले फास. शेवटचा टाका सुईवरून सोडून धागा ओढला की ओळीमागून ओळ उसवत जाते आणि हाती पुन्हा लोकर येते. किंचित कुरळी झालेली, पण लोकरच. गुंडा करावा आणि नव्याने टाके घालावेत. चुकीची किंमत म्हणजे चार संध्याकाळी. ज्याला पगार मिळतो, त्याला ती परवडते.

भंडाऱ्याहून फार लांब नसलेल्या मोहाडी आणि आंधळगावच्या हातमागांवर ही मुभा नाही. तेथे कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, वस्त्र विणले जाते. ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढणाऱ्या अळ्यांच्या कोशांतून हे रेशीम निघते. मागावर आधी ताणा चढतो, एकेक तार फणीतून ओवली जाते, आणि पोत, रुंदी, काठ यांचा निर्णय पहिला धोटा फिरण्यापूर्वीच झालेला असतो. बाणा विणून ठोकला गेला की तो मागे घेणे म्हणजे तार तार सोडवत बसणे. नाजूक टसर त्यात तुटतोच. मजुरी नगावर मिळते. फसलेल्या साडीचा गुंडा होत नाही.

म्हणून हस्तकलेवरच्या व्याख्यानांत 'विणकरांनी काळाबरोबर बदलले पाहिजे, नवे प्रयोग केले पाहिजेत' असा उपदेश ऐकला की मला तो अश्लाघ्य वाटतो. उपदेश करणाऱ्याचा महिना ठरलेला असतो. ज्याला उपदेश होतो त्याच्या एका फसलेल्या प्रयोगात घरातले आठवड्याचे तांदूळ जातात. शिवाय या उपदेशात अज्ञानही आहे. या भागातली करवती काठाची साडी पाहा. तिचे अंग टसरचे, अंगच्याच रंगाचे. काठ गडद रंगाचा. हे दोन निराळे बाणे एका वस्त्रात, शिवण न घालता, कसे जोडायचे? विणकराने तीन धोटे चालवले, एक अंगाला आणि एकेक दोन्ही काठांना, आणि जेथे अंग नि काठ भेटतात तेथे धागे एकमेकांत अडकवत करवतीच्या दात्यांसारखी कड काढली. आपल्याला ती नक्षी दिसते. मुळात तो सांधा आहे. आमच्या सहकाऱ्यांचा बिनशिवणीचा स्वेटर आणि ही करवत एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. करवतीला आज भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले आहे, ते योग्यच झाले. पण कोणे एके काळी तीही कोणाच्या तरी मागावरची पहिलीच खटपट असणार, आणि ती करायला त्या माणसाला सवड मिळाली असणार.

येथे उलट बाजूचा एक धोकाही सांगितला पाहिजे. 'छंद' हा शब्द नेहमीच निरुपद्रवी नसतो. मारिया मीस यांचे आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवरचे पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात रुजवलेले क्रोशाचे हे काम परदेशी निर्यात होत होते, व्यापारी त्यावर गबर होत होते, आणि विणणाऱ्या बायकांना मात्र 'रिकाम्या वेळात विणणाऱ्या गृहिणी' म्हटले जात होते. काम छंद ठरले की मजुरी मागायला तोंड उरत नाही. आमच्या सहकारी आपले विणलेले विकत नाहीत, आप्तांना देतात. तासांचा हिशेब मांडला तर बाजारातल्या यंत्रावरच्या स्वेटरपुढे तो टिकणारच नाही, हे त्यांच्या विषयातले साधे गणित त्या हसत सांगतात.

मग मोहाडीच्या विणकराला उसवण्याची मुभा कोण देणार? हा प्रश्न भाबडा नाही, कारण ती मुभा या देशात एकदा वेगळ्या लोकांना दिली गेली आहे. पन्नासच्या दशकात सरकारने विणकर सेवा केंद्रे काढली, तेव्हा तेथे चित्रकारांना नोकऱ्या मिळाल्या. 'कोरा कॅनव्हास'मुळे मराठी वाचकांना परिचित असलेले प्रभाकर बरवे साठच्या दशकात वाराणसीच्या केंद्रात आणि नंतर मुंबईच्या केंद्रात कामाला होते. चित्रकाराने दहा नमुने काढावेत, त्यांतले आठ टाकून द्यावेत, आणि तरी महिन्याचा पगार हाती यावा, अशी ती सोय होती. नागपुरातही असे केंद्र आहे. त्या केंद्रांच्या कामाबद्दल मला आदर आहे. माझे मागणे त्यापुढचे आहे: तीच सोय विणकराच्या स्वतःच्या मागापर्यंत न्यावी. वर्षातला एक ताणा असा असावा, की ज्यावरचे कापड विकायचे नाही, ज्याची मजुरी आधीच दिलेली आहे आणि ज्यावर काय विणायचे हे विणकर ठरवील. अनुदानांच्या याद्यांत नवे माग असतात, सूत असते, प्रदर्शनाचा प्रवासखर्च असतो. फसण्याची मजुरी मी कोठे पाहिलेली नाही.

यंदा आमच्या सहकाऱ्यांनी मोहाडीहून जाडसर कोशाचे सूत आणून ते सुयांवर घेतले. लोकरीच्या तंतूला स्वतःची मुरड असते, म्हणून एक सुलट, एक उलट अशी पट्टी ताणून सोडली की आखडते. कोशाला ती मुरड नाही. मनगटाची पट्टी ताणली तशीच लोंबत राहिली. मग त्यांनी सुया बारीक घेतल्या, तेव्हा कापड कडक झाले. आता कोशाची एक तार आणि लोकरीची एक तार जोडीने विणून पाहायचे चालले आहे. आतापर्यंत तीनदा उसवून झाले आहे. ते सूत ज्यांच्याकडून आणले त्या विणकराला त्यांनी पहिला फसलेला नमुना नेऊन दाखवला, तेव्हा त्याने तो आडवा-उभा ताणून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो याला दिवस किती लागले, हा.